युद्धाची घाई आणि निविदेविना दिलेली कंत्राटं : इराकच्या निमित्तानं

जमाखर्च (धागाकर्ती)

८ मार्च २००३. इराकवर पहिला बॉम्ब पडायला दोन आठवड्यांहून कमी दिवस उरले होते. त्या दिवशी अमेरिकी लष्करानं इराकमधल्या तेलविहिरींच्या आगी विझवण्याचं आणि तेलउद्योग पुन्हा उभा करण्याचं कंत्राट केलॉग ब्राउन अँड रूट, म्हणजे केबीआर, या कंपनीला दिलं. निविदा मागवली नव्हती, दुसऱ्या कुठल्या कंपनीला विचारलंही नव्हतं. कमाल मर्यादा ७ अब्ज डॉलर. केबीआर ही तेव्हा हॅलिबर्टन या तेलउद्योगातल्या कंपनीची उपकंपनी होती, आणि १९९५ ते २००० या काळात हॅलिबर्टनचे प्रमुख असलेले डिक चेनी तेव्हा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते.

इतकं बहुतेकांच्या कानावर असतं. "चेनींनी आपल्या जुन्या कंपनीला काम दिलं" एवढ्यावर विषय मिटतो. चेनींच्या कार्यालयानं आपला हात नसल्याचं सांगितलं. लष्करातल्या एका अधिकाऱ्याची ईमेल पुढे बाहेर आली, तिच्यात हे काम उपराष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाशी बोलून ठरल्याचा उल्लेख होता. हा वाद आजही तिथेच अडकलेला आहे. मला फाईलबद्दल बोलायचं आहे. निवृत्त होईपर्यंत मी सरकारी लेखापरीक्षणात खरेदीच्या फायली तपासल्या. ज्या व्यवहारात पैसा गेला, त्याची फाईल बहुतेक वेळा नियमात चोख बसवलेली सापडते. म्हणून तो नियमात कसा बसवला, हे आधी पाहायचं असतं.

इराकच्या बाबतीत सुरुवात नोव्हेंबर २००२ मध्ये झाली. युद्ध व्हावं की नाही यावर संयुक्त राष्ट्रांत अजून खल चालू होता. तेव्हा पेंटागॉननं केबीआरला १९ लाख डॉलरचं एक छोटं काम दिलं : युद्ध झालंच तर इराकच्या तेलक्षेत्रांचं काय करायचं याचा गुप्त आराखडा तयार करा. यासाठी वेगळी निविदा निघाली नाही. केबीआरकडे लष्कराच्या रसदीचं लॉगकॅप नावाचं मोठं कंत्राट आधीपासून होतं, त्यातच हे काम घालून टाकलं. आराखडा झाला. मग प्रत्यक्ष काम कोणी करायचं हा प्रश्न आला, तेव्हा उत्तर आपोआप तयार होतं. आराखडा गुप्त आहे, तो केबीआरलाच माहीत आहे, दुसऱ्या कोणाला तयार करायला वेळ नाही, म्हणून केबीआर. गावच्या पुलाचं एस्टिमेट ठेकेदारानंच करून दिलं आणि मग कामही त्यालाच मिळालं, तर आपल्याकडे ग्रामसभेत पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी उठून उभं राहील.

अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणारं कार्यालय म्हणजे जीएओ. त्यांचा जून २००४ चा अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. निष्कर्ष असा : ७ अब्जांचं कंत्राट निविदेविना देणं कायद्याला धरून होतं, कारण त्या घडीला दुसरं कोणी खरोखरच तयार नव्हतं. पण १९ लाखांचं आराखड्याचं काम लॉगकॅपच्या कक्षेत बसत नव्हतं, ते स्पर्धेनं द्यायला हवं होतं. म्हणजे जी पायरी चुकीची ठरली तिची किंमत १९ लाख, आणि तिच्या आधारावर चढलेली पुढची ७ अब्जांची पायरी निर्दोष! हीच पद्धत मला सगळ्यात धोकादायक वाटते. घाई आधी तयार करायची आणि नंतर तिचाच दाखला द्यायचा.

हे सगळं आतून पाहणारी एक बाई होती. बनॅटिन ग्रीनहाउस. लुइझियानातल्या रेव्हिल या छोट्या गावातली कृष्णवर्णीय मुलगी, आधी गणिताची शिक्षिका, पुढे लष्कराच्या अभियंता विभागाच्या, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या, कंत्राटांची सर्वोच्च नागरी अधिकारी. फेब्रुवारी २००३ मध्ये पेंटागॉनमध्ये या कामाची बैठक झाली तेव्हा केबीआरची माणसं खोलीतच बसलेली होती. ग्रीनहाउस यांनी त्यांना बाहेर पाठवायला सांगितलं. कंत्राट पाच वर्षांपर्यंत लांबवता येईल असा मसुदा होता. आणीबाणी पाच वर्षांची कशी असेल, एक वर्ष पुरे, हे त्यांचं म्हणणं. मसुदा तसाच सहीला आला. त्यांनी सही केली, पण सहीशेजारी स्वतःच्या हातानं लिहिलं, की एका वर्षापलीकडे हे एकाच कंपनीकडे ठेवलं तर स्पर्धा करायचा आपला खरा हेतूच नाही असा समज होईल.

आमच्या खात्यात अशा टिपणीची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. सही अडवली तर माणूस बदलतात. सहीशेजारी लिहिलेलं मात्र फाईलमध्ये कायमचं राहतं.

पुढचा भाग इंधनाचा. तेलसाठ्यांत जगातल्या पहिल्या काही देशांत गणला जाणारा इराक, आणि युद्धानंतर तिथेच पेट्रोलसाठी मैलभर रांगा. कुवेतहून टँकरनं पेट्रोल आणण्याचं कामही याच कंत्राटात घातलं गेलं. डिसेंबर २००३ मध्ये संरक्षण खात्याच्याच लेखापरीक्षकांनी सांगितलं, की सप्टेंबरअखेरपर्यंत ६ कोटी १० लाख डॉलर जास्त लावले गेले असावेत. कंपनीचं उत्तर होतं, की रस्ता जिवावरचा आहे, टँकरवर हल्ले होतात आणि कुवेती पुरवठादार बदलायची मुभा नाही. यातलं पहिलं तर पूर्ण खरं होतं, त्या रस्त्यावर चालक मेले. पण मग दराचे कागद मागून तपासायला काय हरकत होती? आठवडाभरात अभियंता विभागाच्या प्रमुखांनी उलटंच केलं. केबीआरला इंधनाच्या दराचे तपशील देण्यातूनच सूट दिली. हा कागद ग्रीनहाउस यांच्या गैरहजेरीत, त्यांना टाळून मंजूर झाला, असं त्यांनी पुढे सांगितलं.

२७ जून २००५ ला त्यांनी सिनेटमधल्या डेमोक्रॅट सदस्यांच्या समितीपुढे साक्ष दिली. ऑगस्टमध्ये त्यांना पदावरून खाली आणलं, कारण दिलं काम असमाधानकारक. फेब्रुवारी २००६ मध्ये लष्करानं या कंत्राटातल्या वादग्रस्त २६ कोटी ३० लाख डॉलरपैकी सुमारे १ कोटी सोडून बाकी सगळे मान्य केले. आणि ही रक्कम नुसती अमेरिकी करदात्याची नव्हती. तिचा मोठा भाग इराकच्या तेलविक्रीतून जमलेल्या विकास निधीतून गेला. ज्यांच्या देशावर हल्ला झाला, त्यांच्याच खिशातून.

माझं म्हणणं एवढंच आहे. युद्धात घाई खरी असते. पहिल्या दिवशी निविदेची जाहिरात देत बसा असं कोणी शहाणा लेखापरीक्षक म्हणणार नाही. पण निविदेविना दिलेल्या कंत्राटात तीन गोष्टी पाहायच्या. ती घाई कोणी तयार केली, ती संपल्यावर कंत्राट संपलं का, आणि प्रश्न विचारणारा माणूस आपल्या खुर्चीवर राहिला का. इराकमध्ये पहिल्याचं उत्तर संशयास्पद आहे. दुसऱ्याचं अर्धंमुर्धं. जानेवारी २००४ मध्ये निविदा मागवून नवी कंत्राटं दिली आणि काम उत्तर-दक्षिण असं विभागलं, पण त्यातही दक्षिणेचा १.२ अब्जांपर्यंतचा वाटा केबीआरलाच गेला. तिसऱ्याचं उत्तर वर आलंच आहे.

सैन्यातली, संरक्षण कारखान्यांतली, आखातात काम केलेली माणसं इथे आहेत. त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

---

बिगुल

धागा मुद्देसूद आहे. पण दुसरी बाजू सांगणं मला गरजेचं वाटतं, मी पायदळात होतो.

१९९९ च्या मे महिन्यात द्रास-कारगिलच्या पोरांकडे काय नव्हतं याची यादी मला अजून पाठ आहे. उंचीवरच्या थंडीचे बूट पुरेसे नव्हते. रात्री दिसणारी उपकरणं मोजकी. शत्रूच्या तोफा कुठून मारतात ते शोधणारी रडार नव्हती. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मलिक यांनी उघड सांगितलं होतं, की जे आहे त्यावर लढू. तेव्हा इस्राएलनं जे दिलं ते कोणत्या दरानं दिलं, हा प्रश्न तोलोलिंगच्या उतारावर पडलेल्या जवानाला विचारा. शांततेतली वर्षं फायली फिरवण्यात गेली म्हणून युद्धात घाई झाली. बोफोर्सनंतर तर सही करायलाच माणसं घाबरायला लागली, आणि नवी तोफ यायला तीस वर्षं लागली. सही न केल्यामुळे जे मेले त्यांचा हिशेब कोणता लेखापरीक्षक मांडतो?

नफेखोराला फाशी द्या, माझी हरकत नाही. पण प्रत्येक तातडीच्या खरेदीकडे चोरी म्हणून बघायची सवय लागली तर अधिकारी हात बांधून बसतील.

---

करवंद

मी खेडची. आमच्या पंचक्रोशीत घराआड एक माणूस कुवेत किंवा दुबईला. माझा मामा २००४-०५ ला कुवेतमधल्या एका ठेकेदाराकडे आचारी म्हणून गेला. मुंबईच्या एजंटनं सांगितलं होतं कुवेतचा मेस. तिथे पोहोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला आणि काही दिवसांनी बसमध्ये घालून सीमेपलीकडे नेलं. अमेरिकी छावणीतला मेस होता. मोर्टार पडला की गोरे बंकरमध्ये, आणि स्वयंपाकी ज्या कंटेनरमध्ये राहायचे तिथे वाळूच्या गोण्यासुद्धा नव्हत्या, असं मामा सांगतो. पगार कबूल केल्याच्या निम्मा. एजंटचं कर्ज फिटेपर्यंत परत यायचा विचारही करता येत नव्हता.

आपल्या सरकारनं तेव्हा इराकला जायला बंदी घातली होती. त्यामुळे घरी कोणाला सांगायची सोय नाही, दूतावासात जायची सोय नाही. कागदावर तो कुवेतमध्येच होता.

वर लेखात ७ अब्ज, ६ कोटी असे आकडे आहेत. मुख्य कंपनी, तिच्याखाली कुवेती कंपनी, तिच्याखाली मनुष्यबळ पुरवणारी, तिच्याखाली आमचा मुंबईचा एजंट. प्रत्येकानं आपला वाटा काढून घेतला आणि उरलं ते मामाच्या हातात आलं. अमेरिकी सरकारनं एका आचाऱ्यासाठी किती मोजले असतील, मला ते खरंच जाणून घ्यायचं आहे.

---

सायली९

करवंद, वाचून अंगावर काटा आला. मामा आता कसे आहेत?

---

करवंद

बरे आहेत. गावीच असतात, आंब्याची थोडी बाग आहे. त्या दिवसांबद्दल विचारलं तरच बोलतात.

---

पारवा

करवंद यांनी सांगितलं ते एकट्यादुकट्याचं नव्हतं. ऑगस्ट २००४ मध्ये इराकमध्ये १२ नेपाळी कामगारांना अतिरेक्यांनी पकडून मारलं. ही मुलं घरून निघाली होती जॉर्डनमधल्या हॉटेलात काम करायला. प्रत्यक्षात ती अमेरिकी हवाई तळाकडे नेली जात होती, केबीआरच्या एका जॉर्डेनियन उपकंत्राटदारासाठी. बातमी आल्यावर काठमांडूत दंगली झाल्या. कुटुंबांनी अमेरिकेत खटला भरला. उपकंत्राटदाराशी तडजोड झाली, केबीआर मात्र न्यायालयात सुटली, कारण घटना अमेरिकेच्या भूमीबाहेरची. एप्रिल २००६ मध्ये इराकमधले अमेरिकी सेनापती जनरल केसी यांना लेखी आदेश काढावा लागला की कंत्राटदारांनी कामगारांचे पासपोर्ट परत द्यावेत. आदेश निघाला म्हणजे तोवर ते सर्रास चालू होतं. त्याआधी जुलै २००४ मध्ये तीन भारतीय ट्रकचालकही पळवले गेले होते, ते सुदैवानं सप्टेंबर २००४ च्या सुरुवातीला सुटले.

---

चिकित्सक

एका गोष्टीवर कोणी बोललेलं नाही. लॉगकॅपचं मोठं कंत्राट, ज्याच्यावर केबीआरला ३५ अब्ज डॉलरहून जास्त मिळाले, ते डिसेंबर २००१ मध्ये रीतसर स्पर्धा होऊन दिलेलं होतं! निविदा निघाली होती. तरी लूट झालीच. म्हणजे निविदा हा या दुखण्यावरचा पूर्ण उतारा नाही.

खरी मेख मोबदल्याच्या पद्धतीत आहे. हे कंत्राट कॉस्ट-प्लस प्रकारचं होतं. जेवढा खर्च दाखवाल तेवढा सरकार भरणार, वर खर्चाच्या १ टक्का नक्की आणि काम चांगलं ठरलं तर आणखी २ टक्क्यांपर्यंत. तेलाच्या कंत्राटात हेच २ आणि ५ होते. यात काटकसर करणाऱ्याचा तोटा होतो. रिकामे ट्रक धावले तरी खर्च वाढतो, आणि खर्चाबरोबर मोबदला.

ही गोष्ट अमेरिकेला १९४१ मध्येच कळली होती. मिसूरीचे सिनेटर हॅरी ट्रूमन यांच्याकडे लोकांच्या तक्रारी आल्या, तेव्हा ते स्वतःची गाडी काढून फोर्ट लेनर्ड वुडची नवी छावणी आणि आणखी ठिकाणं बघून आले. मजूर रिकामे बसलेले, सामान पावसात पडलेलं, आणि ठेकेदार खूश, कारण तेच कॉस्ट-प्लस. मार्चमध्ये त्यांची चौकशी समिती नेमली गेली, सुरुवातीला खर्चाला फक्त १५ हजार डॉलर देऊन. युद्ध ऐन भरात असताना या समितीनं मोठमोठ्या कंपन्या उघड्या पाडल्या. ओहायोतल्या राइट कंपनीच्या कारखान्यात विमानांची सदोष इंजिनं तपासनीसांवर दबाव आणून पास करून घेतली जात होती, तेही बाहेर काढलं. आणि ट्रूमन रूझवेल्टच्याच पक्षाचे होते. स्वपक्षाचं सरकार, महायुद्ध चालू, तरी चौकशी. इराक युद्धात असं काही झालं नाही. कंत्राटांचा आयोग नेमला गेला २००८ मध्ये, आणि त्याचा अंतिम अहवाल आला ऑगस्ट २०११ ला. इराक-अफगाणिस्तानात मिळून ३१ ते ६० अब्ज डॉलर उधळपट्टी आणि फसवणुकीत गेले, असा त्यांचा अंदाज.

आणखी एक. १९४२ मध्ये अमेरिकेनं कायदा केला की युद्धकंत्राटात अवाजवी नफा झाला असेल तर सरकार नंतर पुन्हा वाटाघाट करून तो परत घेईल. त्यासाठी पुढे मंडळही होतं. ते १९७९ मध्ये बंद झालं. बिगुल यांना जी अडचण वाटते ती यात सुटते. आज घाईत द्या, दर विचारू नका, पण लढाई थांबली की वह्या उघडा आणि जास्तीचा पैसा परत घ्या. सही करणाऱ्याला भीती नाही, कमावणाऱ्याला आहे.

---

अंबरनाथकर

माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत मशिनिस्ट होते, माझं बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. या प्रश्नाला आपल्या देशानं एकदा वेगळं उत्तर दिलं होतं ते नोंदवतो. १९५६ च्या औद्योगिक धोरणात शस्त्रं आणि दारूगोळा हा उद्योग सरकारसाठी राखून ठेवला. विचार असा, की युद्धातून खाजगी नफाच नको. खडकी, देहूरोड, भुसावळ, वरणगाव, भंडारा, अंबरनाथ, सगळीकडे लष्कराची मागणी निविदेविनाच यायची, कारण कारखानाही सरकारचाच. ७१ साली तिन्ही पाळ्या चालल्या, आणि त्यातून कोणाच्याही मालकीचा बंगला उभा राहिला नाही. कामगारांच्या मनात याचा फार अभिमान होता.

२००१ ला खाजगी कंपन्यांना दार उघडलं. १ ऑक्टोबर २०२१ पासून कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या, दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यातच आहे. हे बरं की वाईट यावर मी वेगळं लिहीन.

पण सरकारी मालकीतही बोचणारी गोष्ट होती. स्पर्धा नाही, गिऱ्हाईक पक्कं, त्यामुळे माल सदोष निघाला तर जबाब कोण देणार ते ठरत नसे. कॅगनं दारूगोळ्याच्या दर्जावर पुन्हा पुन्हा ताशेरे मारले. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा डेपोत स्फोट झाला, १९ जण गेले, त्यात अग्निशमन दलाचे बरेच. सदोष सुरुंग साठवून ठेवलेल्या शेडमध्ये तो झाला. तिथे कोणी नफेखोर नव्हता. म्हणून फक्त नफ्याच्या मागे लागू नका, जबाबदारी कोणाची हे आधी लिहून घ्या, इतकंच सांगायचं आहे.

---

मोडीवाचक

इतिहासातलं एक उदाहरण, थेट आपल्याशी नातं असलेलं.

१७७९. वडगावला इंग्रजांना महादजी शिंद्यांनी कोंडलं, तो तह झाला, आणि मराठ्यांशी लढाई पुढे चालूच राहिली. त्या काळी सैन्य चालायचं बैलांवर. तोफा, धान्य, तंबू, सगळं बैल ओढायचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांचे हुकूम होते की कंत्राटं जाहिरात देऊन, कमी दर लावणाऱ्याला द्यावीत. बंगालचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जनं त्याच १७७९ मध्ये बैलांचं चालू कंत्राट मोडलं आणि नवं कंत्राट चार्ल्स क्रॉफ्ट्सला दिलं, तेही पाच वर्षांसाठी. हा क्रॉफ्ट्स कंपनीच्या बंगालमधल्या हिशेबखात्याचा प्रमुख. ज्यानं बिलं तपासायची, तोच कंत्राटदार! हेस्टिंग्जवर पुढे ब्रिटिश संसदेत जो महाभियोग चालला, त्यातल्या आरोपांत कंत्राटांचा आरोप होता आणि त्यात हे बैलही होते. १७९५ मध्ये हेस्टिंग्ज सगळ्यातून निर्दोष सुटला.

ग्रीनहाउस यांनी पाच वर्षांच्या मुदतीवर बोट ठेवलं हे वाचल्यावर मला पहिलं हेच आठवलं.

---

सायली९

जमाखर्च, ग्रीनहाउस यांचं पुढे काय झालं? आणि असं बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या का?

---

जमाखर्च

सायली, त्यांनी खटला लढवला. जुलै २०११ मध्ये सरकारनं ९ लाख ७० हजार डॉलर देऊन तडजोड केली, बुडालेला पगार, भरपाई आणि वकिलाचा खर्च धरून. जुनं पद काही परत मिळालं नाही, त्या निवृत्त झाल्या.

एकट्या नव्हत्या. लॉगकॅपचं काम लष्कराच्या बाजूनं बघणारे चार्ल्स स्मिथ हे नागरी अधिकारी होते. १ अब्ज डॉलरहून जास्त खर्चाला कागदपत्रं नाहीत म्हणून त्यांनी २००४ मध्ये पैसे रोखायचा आग्रह धरला. त्यांना त्या कामावरून काढलं. त्यांच्यानंतर आलेल्यांनी पैसे सोडले. हे त्यांनी २००८ मध्ये उघड सांगितलं. लष्कराचं म्हणणं पडलं, की पैसे अडवले असते तर सैनिकांचं जेवण-पाणी बंद पडण्याचा धोका होता. बिगुल साहेब, हे वाक्य तुम्ही लक्षात घ्या. कंपनी एकटीच असल्यामुळे सैन्य तिच्यावर इतकं अवलंबून राहिलं, की हिशेब मागणंच सैनिकांच्या विरोधात ठरवता आलं. तुम्ही तोलोलिंगच्या जवानाचं नाव घेतलंत ते मनापासून. तिथे त्याच जवानाची ढाल करून बिलं पास झाली.

आणि त्या सैनिकांना मिळालं काय? जानेवारी २००८ मध्ये बगदादच्या एका तळावर अमेरिकी कमांडो अंघोळ करताना विजेच्या धक्क्यानं मेला. पंपाला अर्थिंग नव्हतं. त्या इमारतीच्या देखभालीचं काम केबीआरकडे होतं. २००३ ते २००९ मध्ये इराकमध्ये १८ जण असे विजेनं गेले, त्यांतले निम्मे सदोष उपकरणं किंवा चुकीच्या अर्थिंगमुळे. कंपनीनं जबाबदारी नाकारली, फौजदारी खटला उभा राहिला नाही. २०१० मध्ये लष्करानं २००८ च्या पहिल्या काही महिन्यांचा बोनस तेवढा रोखला.

करवंद, तुमचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. चिकित्सक यांनी सांगितलेल्या कंत्राटांच्या आयोगाच्या अहवालात उपकंत्राटांबद्दल वेगळी तक्रार आहे, की सरकारला वरच्या कंपनीपलीकडचं काही दिसतच नव्हतं. तुमच्या मामाच्या नावानं किती पैसे निघाले हे सांगणारा कागद त्या सरकारकडेही नसावा.

चिकित्सक, १९६६ ची एक गोष्ट तुमच्या मुद्द्याला जोडते. व्हिएतनाममधल्या बांधकामांचं प्रचंड काम चार कंपन्यांच्या गटाकडे होतं, त्यात हीच ब्राउन अँड रूट, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसाहेब यांच्या टेक्सासमधली. इलिनॉयचा एक तरुण रिपब्लिकन खासदार संसदेत उठला आणि या कंत्राटांचं लेखापरीक्षण नीट का होत नाही, असं त्यानं खडसावून विचारलं. त्याचं नाव डोनाल्ड रम्सफेल्ड. २००३ मध्ये संरक्षणमंत्री तोच होता.

---

बिगुल

स्मिथ यांचं प्रकरण मला माहीत नव्हतं. जवानाच्या आडून बिल पास करणं हे कोणत्याही फौजी माणसाला सहन होणार नाही.

एक वर्षाची मुदत मला मान्य आहे. लढाई थांबल्यावर वह्या उघडण्याचा चिकित्सक यांचा मुद्दाही मान्य. पण हे सगळं जाहीर करण्याला माझा विरोध राहील. कोणता दारूगोळा किती घेतला आणि कधी पोहोचला हे छापलं, की आपल्याकडे काय कमी आहे ते शेजाऱ्याला कळतं. उरीनंतर, गलवाननंतर सेनादलांना तातडीच्या खरेदीचे अधिकार दिले गेले. ती यादी वर्तमानपत्रात आलेली मला चालणार नाही.

---

जमाखर्च

यादी वर्तमानपत्रात नको, हे मलाही पटतं. लोकलेखा समितीच्या सदस्यांना बंद दाराआड दाखवावी, त्यात विरोधी पक्षाचे खासदार असतात, अध्यक्षही प्रथेप्रमाणे विरोधी पक्षाचाच.

पण आपल्याकडे तेवढंही झालं नाही. कारगिलच्या तातडीच्या खरेदीवर कॅगचा अहवाल डिसेंबर २००१ मध्ये संसदेत आला. युद्धासाठी म्हणून मागवलेल्या मालातला मोठा भाग जुलै १९९९ मध्ये लढाई थांबल्यानंतर पोहोचला होता. गाजल्या त्या ॲल्युमिनियमच्या शवपेट्या, एकीची किंमत २,५०० डॉलर. त्या खटल्यात आरोप टिकले नाहीत, २०१३ मध्ये न्यायालयानं आरोपींना मुक्त केलं, हे इथे स्पष्ट लिहिते, कारण आजही लोक तो सिद्ध घोटाळा असल्यासारखा बोलतात. शवपेट्यांच्या गदारोळात उशिरा आलेल्या मालाची मोठी रक्कम मात्र कोणी विचारली नाही. आणि लोकलेखा समितीनं या खरेदीवरचा केंद्रीय दक्षता आयोगाचा अहवाल मागितला, तेव्हा संरक्षण मंत्रालयानं तो गोपनीय म्हणून दिला नाही. समितीचं काम तिथेच अडकलं.

त्यामुळे माझी मागणी छोटी आहे. तातडीच्या प्रत्येक खरेदीच्या मंजुरीवरच शेवटची तारीख छापलेली असावी, आणि त्या तारखेनंतर वर्षभरात पूर्ण फाईल, गोपनीय शेऱ्यांसकट, समितीच्या टेबलावर जावी. मंत्रालयाला नकार द्यायचा अधिकार नसावा. तुम्ही पायदळातले, मी लेखापरीक्षणातली. आपण दोघांनी मिळून याचं निवेदन लिहिलं तर समितीला पाठवता येईल. मसुदा मी करते, गोपनीयतेचा परिच्छेद तुम्ही लिहा.

---

बिगुल

पाठवा. रविवारपर्यंत माझा परिच्छेद देतो. त्यात एक ओळ मी घालणार आहे : चांगल्या हेतूनं, वेळेत सही करणाऱ्या अधिकाऱ्याला नंतर दराच्या फरकासाठी वैयक्तिक जबाबदार धरू नये.

---

जमाखर्च

चालेल. त्याखाली माझी ओळ येईल : सहीशेजारी हरकत लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची त्या वर्षात बदली करू नये.